मशीनच्या दुसऱ्या टोकाले

माहा जन्म सोनाळ्याचा, ताई. संग्रामपूर तालुक्यातलं सोनाळा, तिथून सातपुडा दिसते म्हणतात, पण मले इचाराल तं मले काहीच आठवत नाही, कारण मी कडेवर होतो तवाच बाप आमाले घेऊन इकडं पिंपळगाव राजाले आला, जिनिंगमधी हमाली भेटली म्हणून आला अन् मंग इथलाच होऊन गेला. बाप लय कमी बोले. माय त्याहून कमी. दोघं जेवाले बसले तं भाकर मोडल्याचा आवाज आयकू ये. अन् अशा घरात मी, ज्याचं तोंड झोपेतही बंद नसे. माय म्हणे, हे पोट्टं दवाखान्यात बदललं, बाप म्हणे, दवाखाना कुठी होता, घरीच तं झालं, अन् तेवढ्यावर त्याइचं त्या दिवसाचं बोलणं संपे.

अन् माहं बोलणं नुसतं तोंडानं होत नाही, हे तुमी आतापर्यंत पाह्यलंच असंन. मले बैल सांगायचा तं डोक्यावर शिंगं काढून दाखवा लागतात, मोटारसायकल सांगायची तं हँडल धरा लागते. हात बांधून ठेवले तं मले माहं नावही सांगता येणार नाही. तुमी कागदावर लिहून राह्यले, कागदावर हात दिसत नाहीत, ते एक बरं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी फजिती त्याच्यातूनच निघाली. फजिती मी म्हणतो. शोभा, माही बायको, ते तिथं दारात बसून डाव्या हातानं तूर निवडून राह्यली ते, तिच्या बाजूनं पाह्यलं तं त्याले दुसरा शब्द लागंन, पण तो शब्द काही मले सापडत नाही.

तं शाळा. शाळा दहावीत बसली ते बसलीच. बापानं खामगावले एका पत्र्याच्या दुकानात लावून देलं. पेट्या, धान्याच्या कोठ्या, कूलरचे डबे, पन्हाळी, असं सगळं काम. तिथले उस्ताद म्हणजे पांढरी दाढी, तोंडात पान, अन् हाताले असा अंदाज की पत्रा नुसता उचलून गेज, म्हणजे त्याची जाडी, सांगत. मी गेलो त्या दिवशीच मले म्हणाले, सुखदेव, तू आदमी है या रेडिओ. मी म्हटलं, उस्ताद, रेडिओले बंद करायचं बटन असते. झालं. मले वाटलं मी लय हुशारीचं बोललो, उस्तादनं मले दिवसभर कातरणीतले तुकडे गोळा कराले लावलं.

काय सांगू तुमाले, काय काय केलं मी तिथं. पेटीच्या झाकणाले काठाची बारीक घडी आधी घ्यायची असते, कारण नुसता काठ ठेवला तं हात कापते, अन् ते झाल्यावर मोठा मोड घ्यायचा. मी उत्साहात मोठा मोड आधी घेतला, बाजू उभी झाली, मंग बारीक घडी घ्याले गेलो तं ते उभी बाजू मशीनले अडे, आत जाईचना. मी जोर लावला. पत्र्याची पार जिलेबी झाली. अन् दुसऱ्या खेपेस कूलरच्या दोन बाजू कराले सांगितल्या, एक डावी, एक उजवी, आरशातल्यासारख्या. मी मोठ्या डौलात दोन्ही डाव्या केल्या. उस्तादनं त्या भितीले टेकवून ठेवल्या अन् म्हणाले, आता असा गिऱ्हाईक धुंड, ज्याच्या घराले दोन्हीकून डावीच बाजू आहे. दुकान हसलं, मीही हसलो, अन् संध्याकाळी बसमधी तेच सगळ्याईले हात करून सांगितलं, तं बसही हसली. ते माही सवय पडली. चूक करायची, तिची गोष्ट करायची, लोकाईले हसवायचं, की चूक फिटली. लय दिवस मले वाटे की खरंच फिटते.

मंग लग्न झालं. शोभा दुसरबीडची, तिकडं सिंदखेडराजाकडली, जालन्याच्या बाजूची, ते लोकं मले-तुले नाही म्हणत, मला-तुला म्हणतात. इतके वर्ष झाले, तिचं मला काही मले झालं नाही. मी तिले चिडवो, काय वं, पुण्याची का तू. तं म्हणे, पुण्याची असते तर तुमच्या हाती लागले असते का. अशी आहे ते. तोंडानं कमी, पण बोलली की मोजून मापून.

उस्ताद थकले, दुकान त्याइच्या पोराईनं दुसऱ्या धंद्याले लावलं, अन् मी पिंपळगावात रोडवर माहंच शेड टाकलं. मशीन जुनी घेतली. हेच ते, पाहा, आठ फुटाची. समजून घ्या, म्हणजे पुढचं समजंन. खालून एक लोखंडी ओटा, त्याच्यावर वरून येणारा दाब, पत्रा दोघाईच्या मधात चिमटायचा. अन् समोर हे लांब जाडजूड पाटी, बिजागरीवर बसवलेली. पाटी उचलली की चिमटलेल्या पत्र्याचा बाहेरचा भाग तिच्यासंगं उभा होते अन् मोड पडते. बस, एवढीच मशीन. लाईट नाही, मोटर नाही. पाटीच्या दोन्ही टोकाले एकेक मूठ, कारण आठ फुटाची पाटी एका माणसाच्यानं उचलत नाही, दोन माणसं लागतात, अन् दोघाईनं एकाच टायमाले, एकाच चालीनं उचलली तं मोड सरळ येते. नव्या मशीनीले मागून वजनं असतात, पाटी हलकी होते. आमची जुनी, वजनं नाहीत, पाटीचा सगळा भार हातावर. अर्ध्यात आली की सगळ्यात जड लागते.

पहिले माहा भाऊ देविदास दुसऱ्या टोकाले उभा राहे. तो पुण्याले कंपनीत गेला. मंग मजूर ठेवले. एक आला, गेला. दुसरा आला, तोही गेला. एक जण तं जाताना म्हणाला, सुखदेवभाऊ, तुमच्या गोष्टी चांगल्या आहेत पण माहा हात तुटते. मी म्हटलं, जा बे कामचोरा, पत्रा उचलाले हात तुटते अन् ताट उचलाले नाही तुटत. अन् चौकात चहाच्या टपरीवर त्याची नक्कल करून दाखवली, हात लोंबते ठेवून. लय हसले लोकं. पाहा आता, तो माणूस मले सरळ सरळ सांगून गेला होता, आणखी कसं सांगावं त्यानं.

मंग शोभा म्हणाली, मी धरते दुसरं टोक. मी म्हटलं, तू? ते म्हणाली, विहीर खणताना माती वाहिली मी, तुमचा पत्रा काय. अन् खरं सांगतो, पहिल्याच दिवशी असा मोड आला की मी काटकोन पाहायचा गुण्या लावून पाह्यला, गुण्या अन् पत्र्याच्या मधातून उजेडही जाईना. तवापासून तेच दुसऱ्या टोकाले. पण एक गोष्ट मी तिले पहिल्याच आठवड्यात सांगितली, अन् हे सांगताना आता माही मान खाली जाते. मी म्हटलं, शोभा, गिऱ्हाईकाची गाडी थांबली की तू मूठ सोडायची अन् खराटा हाती घ्यायचा. काऊन, तं लोकं म्हणतील, सुखदेवचं काम बायकोच्या जोरावर चालते. ते माह्याकडं पाहत राह्यली, अन् म्हणाली, बरं. मंग रोडवर गाडीचा आवाज आला की हे खराटा घेऊन उभी. इतकं झाडलं तिनं, की गावात आमचं शेड सगळ्यात साफ म्हणून नाव झालं. खरंच. विहारात सफाईची गोष्ट निघाली की कोणीतरी म्हणे, ते सुखदेवभाऊच्या शेडमधी जाऊन पाहा. मी तेही नाव घेतलं वरून.

तं गेल्या वर्षापासून तिचा उजवा खांदा दुखे. पहिले म्हणाली, जरा भरून येते. मंग हात वर जाईना, वेणी घालता येईना, शेजारची कांताबाई येऊन घालून दे. मी काय केलं असंन? टपरीवर गोष्ट केली. म्हटलं, आमच्या घरी महाराणी आहे, वेणी घालाले दासी येते. कांताबाईचा नवरा तिथंच बसला होता, तोही हसला, अन् घरी जाऊन सांगितलं त्यानं. कांताबाईनं शोभाले सांगितलं. त्या दिवशी चहात साखर नव्हती. मी इचारलं, साखर? तं म्हणे, हात नाही पोचला डब्यापर्यंत.

आता ते दिवस सांगतो. तालुक्याले एक शिकवणी केंद्र आहे, तिथं पोट्ट्याईले पत्र्याचं काम, वेल्डिंग, असं शिकवतात. तिथले सर एक दिवस आले, तरणे, चष्म्याचे, लय आदबीनं बोलणारे. म्हणाले, काका, आमच्याकडं लहान मशीन आहे, मोठी हातमशीन मुलांनी पाहिली नाही, तुमच्याकडं घेऊन येऊ का, नीट कशी चालवायची ते तुमीच दाखवा. मास्टर म्हणाले मले. मास्टर! ताई, मी त्या रात्री झोपलो नाही असं सांगितलं असतं, पण झोपलो, मस्त झोपलो, सपनात भाषण केलं. सकाळी इस्त्रीचा सदरा घातला, पत्र्याच्या कामाले इस्त्रीचा सदरा, अन् शोभाले म्हटलं, तू आज घरी चहाचं पाहा, दुसरं टोक सर धरतील. ते म्हणाली, सरांना सवय नाही. म्हटलं, शिकलेला माणूस आहे, एक मूठ उचलाले काय लागते. ते म्हणाली, एकदा सांगून तर ठेवा त्यांना. मी म्हटलं, काय सांगू? ते म्हणाली, काही नाही, अन् गेली.

पोट्टे-पोट्टी आले, पंधरा-वीस असतील, सगळ्याईच्या हाती मोबाईल. मी सुरू झालो. अन् खोटं नाही सांगत, चांगलं सांगितलं मी. म्हटलं, पहिले रेघ. सुईनं बारीक रेघ मारायची, पेनानं नाही, पेनाची रेघ जाड, जाड रेघेत कुठी मोडायचं ते पत्र्याले कसं समजंन. मंग पत्रा आत सरकवायचा, रेघ बरोबर दाबाच्या धारेखाली, दोन्ही टोकाले वाकून पाहायचं, एका टोकाले पाहून भागत नाही. मंग दाब आवळायचा, इकडं जेवढा तिकडं तेवढा. बोटं कुठी आहेत ते पाहायचं, आपली अन् समोरच्याची. मशीनच्या ताकदीपेक्षा जाड पत्रा घालायचा नाही, पाटी मधात वाकते अन् मंग जन्मभर मोडाले पोट येते. अन् मंग दोघाईनं संगं उचलायची, हळू, झटका नाही, काटकोनाच्या जरासं पुढं न्यायची, कारण पत्रा सोडला की थोडा मागं येते. अन् सगळ्यात मोठं, म्हटलं, पाटी खाली येईपर्यंत मूठ सोडायची नाही. हे माह्या तोंडचं वाक्य आहे. मोबाईलमधी आहे.

सर दुसऱ्या टोकाले. उचला म्हटलं. उचलली. पाटी अर्ध्यात आली, पत्रा उठून राह्यला, पोट्टे पाहून राह्यले, अन् मले आठवली ते दोन डाव्या बाजूची गोष्ट. आता असा समुदाय समोर असल्यावर ते गोष्ट सांगायची नाही म्हणजे काय. मी म्हटलं, एक डाव उस्तादनं मले कूलरच्या बाजू कराले सांगितल्या, एक अशी, अन् एक अशी.

धाडकन आवाज झाला. सर ओरडले. पाटी खाली, सरची मूठ हातातून सुटून गुडघ्यावर बसलेली, पँट फाटली, चष्मा ओट्याखाली. अन् पत्रा एका टोकाले मोडलेला, दुसऱ्या टोकाले सपाट, मधात पिळा पडलेला. पोट्टे मागं सरकले. मी धावलो, सरले खुर्चीवर बसवलं, पाणी देलं, गुडघ्याले खरचटलं होतं, हाडाले काही नव्हतं, पण हाताले असा झटका बसला की खांदा धरून बसले. अन् मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, सर, तुमच्याकून सुटली, काही हरकत नाही, पहिल्या डावात होते असं.

सर म्हणाले, काका, माझ्याकडून नाही, तुमी हात सोडला.

मी म्हटलं, मी? या मशीनवर माहं अर्धं आयुष्य गेलं, मी हात सोडीन?

एक पोट्टी होती, दोन वेण्या, तिनं मोबाईल पुढं केला. मी पाह्यलं. इस्त्रीचा सदरा, पाटी अर्ध्यात, अन् माहे दोन्ही हात हवेत. एक असा, एक असा. तोंडावर अशी खुशी की लगीन माहंच आहे. अन् तिकडं सर दोन्ही हातानं मूठ पकडून वाकून राह्यले, वाकून राह्यले, अन् मंग धाडकन.

तेवढ्यात शोभा चहा घेऊन आली. किटली डाव्या हातात. तिनं खुर्चीतले सर पाह्यले, पत्रा पाह्यला, मोबाईल पाह्यला, अन् सगळं समजली. सरले म्हणाली, लागलं का हो लई? ते असंच करतात. पाटी अर्ध्यात आली की त्यांना काहीतरी आठवतं अन् हात सोडतात. मी धरून ठेवते तोवर. सवय लागते.

असं म्हणाली, जसं कोणी म्हणते की आमच्या नळाले सकाळी पाणी येते.

सरनं इचारलं, काकू, म्हणजे रोज? ते म्हणाली, रोज म्हणजे, गोष्ट केवढी आहे त्याच्यावर. लहान गोष्ट असली तर लवकर धरतात परत.

पोट्टे हसले. ताई, लोकं माह्यावर हसतात ते मले आवडते, मी त्याच्यासाठीच जगलो म्हणा, पण ते हसणं पहिल्यांदा मले नको झालं. कारण मी शोभाच्या खांद्याकडं पाहून राह्यलो होतो. किटली डाव्या हातात, अन् उजवा हात कोपरातून पोटाशी धरलेला, वर्षभरापासून तसाच धरलेला, अन् मी तो पाह्यलाच नव्हता. त्याची गोष्ट केली होती, पाह्यला नव्हता. सर एका डावात खांदा धरून बसले, तरणे सर. अन् हे इतके वर्ष. माह्या बैलाची शिंगं, माही मोटारसायकल, टपरीवरच्या नकला, सगळं या बाईनं एका हातावर झेललं, अन् वरून खराटा.

ते सगळे गेल्यावर मी म्हटलं, तू कधी बोलली काऊन नाही. ते म्हणाली, बोलले की. पहिल्या वर्षी बोलले, दुसऱ्या वर्षी बोलले. तुम्ही म्हणाले, थांब वं, गोष्ट पुरी होऊ दे.

दुसऱ्याच दिवशी खामगावले हाडाच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. गर्दी होती, नंबर लागला, आत गेलो. डॉक्टरनं हात वर कराले सांगितलं, खांद्याइतकाही गेला नाही, तिनं ओठ दाबले. डॉक्टर म्हणाले, काय काम करता तुमी, ताई? अन् ताई, ऐका, तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, घरकाम.

घरकाम. मोबाईल पाहून आलो होतो मी, रात्री तिच्या खांद्याले तेल लावून देलं होतं, मनाशी काय काय ठरवलं होतं, अन् त्या पांढऱ्या कपड्याच्या माणसासमोर, मागं दोन-चार लोकं उभे, तोंडातून आपोआप निघालं, घरकाम. गाडीचा आवाज आल्यावर खराटा निघे ना, तसं. डॉक्टर म्हणाले, मग वयाचं असेल, पाणी जड भरू नका, शेका, गोळ्या लिहून देतो, महिनाभरानं बरं वाटेल, रोजचं काम चालू ठेवा. रोजचं काम चालू ठेवा!

बाहेर आलो. स्टँडपर्यंत चालत गेलो. मी म्हटलं, चहा घेतं का. नाही म्हणाली. बाकड्यावर बसली अन् म्हणाली, एक विचारू? डॉक्टरला तुम्ही माझा खांदा दाखवला, का दुसऱ्याच बाईचा?

मी म्हटलं, तसं नाही वं.

ते म्हणाली, त्यांनी घरकामाचं औषध दिलं. ते मी खाईन, अन् उद्या तुमची मूठ धरीन, कारण रोजचं काम चालू ठेवा म्हणाले ते. मग हा हात कधीच वर नाही जायचा. तुम्हाला चालतंय का सांगा, म्हणजे मी बसमधी बसते.

मी उठलो. तिले तिथंच बसवलं अन् परत गेलो. दवाखान्यातला माणूस म्हणे, काका, नंबर झाला तुमचा, परत काऊन आले. म्हटलं, खोटं बोललो, ते बदलायचं आहे. तो म्हणे, गोळ्या बदलायच्या का? म्हटलं, नाही बाबा, खोटं. त्यानं मले आत सोडलं, मले वाटते पागल समजून सोडलं. आत दुसरी एक म्हातारी तपासून घेऊन राह्यली होती, तिचा मुलगा, सून, सगळे. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, माही बायको घरकाम नाही करत, म्हणजे करते, पण ते पत्रा मोडायची मशीन चालवते माह्यासंगं, आठ फुटाची, अन् मी मधातच हात सोडतो अन् सगळा भार तिच्या एका खांद्यावर पडते, अन् हे मी सांगितलं नाही कारण मले लाज वाटली. सांगता सांगता माहे हात वर गेले, पाटी कशी असते ते दाखवाले. डॉक्टर म्हणाले, हात खाली ठेवून सांगा. मी स्टुलावर बसलो, मांडीखाली दाबले दोन्ही, अन् सांगितलं. ते म्हातारी म्हणाली, अरे मेल्या.

डॉक्टरनं शोभाले परत बोलावलं, मी स्टँडवरून तिले घेऊन आलो, त्याइनं खांद्याची सोनोग्राफी केली, अन् म्हणाले, आतली दोरी विरली आहे, तुटली नाही अजून. आता एक झटका बसला तर तुटेल, मग ऑपरेशन, अन् ऑपरेशन करूनही हात पहिल्यासारखा होईल असं मी सांगत नाही. मूठ धरायची नाही. गोळ्या वेगळ्या लिहिल्या, अन् व्यायाम सांगितला.

आता वाटंन तुमाले, की इथून सुखदेव सुधरला. नाही ना. उन्हाळा तोंडावर आला, कूलरचं काम सुरू झालं, आमच्याकडं उन्हाळा म्हणजे कूलर, लोकं येऊ लागले, अन् लांब मोड मी एकटा घेऊ शकत नाही. येईन त्याले मी सांगो, मशीन खराब झाली. पाटील आले एक दिवस, जुने गिऱ्हाईक, म्हणाले, काय बे सुखदेव, काय झालं मशीनले? म्हटलं, पाटील, दाब ढिला पडला, पाटी बसली, पुर्जा भेटत नाही. चांगलं रंगवून सांगितलं, हात करून. आतून आवाज आला. मशीनला कामून बदनाम करता? मशीनला काही नाही झालं, मला झालंय.

पाटील माह्याकडं पाहू लागले. मी पाटलाकडं. शोभा दारात. या खेपेस खराटा नव्हता हातात. पाटील म्हणाले, म्हणजे इतके वर्ष हे मशीन वहिनी चालवत होत्या?

मले दहा उत्तरं सुचली, ताई, एकाहून एक. मी म्हटलं, हाव.

पाटील म्हणाले, अन् तू काय करत होता बे?

म्हटलं, गोष्टी सांगत होतो.

पाटील हसले नाहीत. तिले म्हणाले, सांभाळा वहिनी, अन् गेले. लांब मोडाचं काम आता मी खामगावले पाठवतो. लहान तुकडे मधात धरून एकटाच मोडतो, पाटी वर असेपर्यंत तोंड बंद. ते सर आठवड्यातून एखाद्या दिवशी येतात, दुसरं टोक धरतात, म्हणतात, काका, मला पण शिकायचं आहे. आले की पहिले शोभाले नमस्कार करतात, मंग मले सांगतात, काका, आज काही आठवू नका.

आता व्यायामाचं एकच सांगतो अन् मंग तुमी उठा, उन्हं चढून राह्यली. भितीसमोर उभं राहायचं, अन् उजव्या हाताची बोटं भितीवर ठेवून एकेक बोट वर चढवत न्यायचं, मुंगी चढते तसं, जिथं दुखते तिथं थांबायचं. ते थांबली की मी पत्र्यावर रेघ मारायच्या सुईनं चुन्यावर बारीक रेघ मारतो. ते पाहा, दिसतात का, त्या खिडकीच्या बाजूनं. पहिल्या रेघा तिच्या छातीशी आहेत, मंग हळूहळू वर. अन् त्या वरच्या दोन, त्याइच्याबद्दल मी गप्प होतो, पण तिनं पकडलं. ते डोळे मिटून चढवते, दुखते म्हणून, अन् मी काय केलं, दोन दिवस रेघ बोटाच्या वर मारली. बोटभर वर. तिले बरं वाटावं म्हणून, असं मी म्हणतो. मलेच बरं वाटावं म्हणून मारली असंन. तिनं आज सकाळी डोळे उघडून पाह्यलं, बोट इथं अन् रेघ तिथं. माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं आता बोलंन काहीतरी मोजून. ते म्हणाली, एवढं तरी खरं मारा हो.

मी सुई घेतली, वाकलो, तिच्या मधल्या बोटाच्या टोकाले टेकवली अन् रेघ मारली. कालच्याहून खाली आली. तिनं बोट तिथंच ठेवलं, अन् म्हणाली, राहू द्या आता तशीच.